सांध्यांची तहान

टाइल निवडायला घरातली सगळी माणसं जमतात. रंग, नक्षी, चकाकी, ओली झाली की घसरेल का, यावर तासन्‌तास खल होतो. दोन टाइलांच्या मधे काय भरायचं हे मात्र मिस्त्री ठरवतो, तेही पिशवी फोडता फोडता. "पांढरंच भरू ना?" असं तो विचारतो आणि आपण मान डोलावतो. पुढे कैक वर्षं घर लख्ख दिसणार की कळकट, हे त्या डोलावलेल्या मानेवर ठरतं. कारण टाइल फारशी मळत नाही, मळतो तो सांधा.

टाइलवरचं ग्लेझ म्हणजे भट्टीत वितळून बसलेली काचच. ते पाणी आत घेत नाही. सांध्यातलं नेहमीचं ग्राऊट म्हणजे सिमेंट आणि रंग, आणि फट साधारण 3 मिलिमीटरहून रुंद असेल तर बारीक वाळू. ते वाळताना जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. ही छिद्रं कायम तहानलेली. त्यातून सांधा टाइलपेक्षा केसभर खोल असतो. फरशी पुसताना पाणी तिथेच उतरतं, थोड्या वेळात उडून जातं आणि त्यातला मळ तेवढा मुक्कामाला राहतो. बादलीतलं पाणी गढूळ झालेलं दिसत असतानाही "एवढी एक खोली उरकून घेऊ" असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं. सांध्यातल्या काळ्या रेघांपैकी बऱ्याच रेघा त्या कामसू माणसाच्या नावावर जमा कराव्या लागतील.

रेघा डोळ्यांत खुपायला लागल्या की कुणीतरी ॲसिड आणतं. ओतल्याबरोबर जी फसफस होते ती बघून फार बरं वाटतं. पण ती फसफस मळाची नसून ग्राऊटमधल्या चुन्याची असते. सांधा उजळतो, कारण त्याचं वरचं कातडंच निघून जातं. खाली उरतो तो आणखी खरबरीत, म्हणून आणखी लवकर मळणारा. लिंबू आणि व्हिनेगर हेच काम सावकाश करतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा सल्ला तर मला कायम गमतीचा वाटत आला आहे. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, आणि फेस ओसरल्यावर हाती राहतं ते जवळजवळ खारट पाणी. त्यापेक्षा नुसत्या सोड्याची पेस्ट बरी, निदान घासायला तरी मदत करते. एका बाबतीत मात्र गंमत नाही. क्लोरीनचं ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

मळ काढायला माझा भरवसा सोडियम परकार्बोनेटवर, म्हणजे ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरीवर. कोमट पाण्यात कालवून सांध्यांवर ओतायची, 10-15 मिनिटं तशीच ओली राहू द्यायची आणि मग नायलॉनच्या ताठ ब्रशने घासायचं. तारेचा ब्रश नको, तो ग्राऊटच खरवडतो. जुना टूथब्रशही नको. दातांनी निवृत्त केलेल्याला सिमेंटवर नेमायचं, याला काय म्हणावं! खरं काम घासून झाल्यावरचं. सुटलेलं काळं पाणी फडक्याने टिपून घ्यायला हवं, नाहीतर सांधा ते पुन्हा पिऊन टाकतो.

काही डाग घासून जाणारे नसतातच. पांढरी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर खालून ओल क्षार घेऊन वर येते आहे. तिथे ब्रश नव्हे, ओलीचा उगम शोधावा लागतो. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यातलं ग्राऊट तडकत असेल तर त्याचा तरी काय दोष? दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात. तिथे लवचीक सिलिकॉन हवं.

सांध्यावर पाण्याचा थेंब टाकून बघावा. थेंब तसाच बसून राहिला तर सीलर, म्हणजे ग्राऊटची तहान कमी करायला वरून लावलेला लेप, शाबूत आहे. जिरून जागा गडद झाली तर सांधा स्वच्छ करून, पूर्ण वाळवून सीलर पुन्हा लावायला हवा. सीलरने फरशी जलरोधक होत नाही, डाग आत मुरण्याआधी पुसायला वेळ मिळतो इतकंच. सिमेंटऐवजी रेझिनचं बनलेलं इपॉक्सी ग्राऊट जवळजवळ पाणी पीतच नाही, पण ते चटकन घट्ट होतं आणि टाइलवरून वेळेत पुसलं नाही तर त्याचा पापुद्रा निघता निघत नाही, म्हणून मिस्त्री नाकं मुरडतात.

न्हाणीघरात साबणाच्या थरावर धरणारी ती गुलाबी बुळबुळीत साय म्हणजे जिवाणू, आणि काळे ठिपके म्हणजे बुरशी. दोघांनाही लागते ओल. अंघोळ झाली की वायपरने पाणी ओढून खिडकी उघडी ठेवली, तर निम्मं घासणं वाचतं. आमच्याकडे हे काम शेवटी अंघोळ करणाऱ्यावर सोपवलं आहे. तेव्हापासून सगळे पहाटे उठतात.