विद्यार्थिनींच्या हातून केस रंगवायचे तर : नाशिकमधल्या दोन फेऱ्या

ब्यूटी अकॅडमीत शिकणाऱ्या विद्यार्थिनींकडून सरावासाठी केस रंगवून घ्यायचे तर फेऱ्या दोन लागतात. पहिली वीस मिनिटांची, दुसरी चार-साडेचार तासांची आणि मध्ये ४८ तास. एकाच फेरीत सगळं उरकून देतो म्हणणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. तिथे पॅच टेस्ट, म्हणजे रंग त्वचेला चालतो का याची चाचणी, होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नाशिकमध्ये ब्यूटी अकॅडमी शोधायच्या तर कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड या भागापासून सुरुवात करा. बाहेरगावाहून रेल्वेने येणार असाल तर नाशिकरोड स्टेशन ते सीबीएस (शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक) हेच नऊ-दहा किलोमीटर आहे, तेवढा वेळ हाताशी ठेवा. सिटीलिंकची शहर बस आहे, सीबीएसवरून पुढे रिक्षा. फोनवर "कलरसाठी मॉडेल हवी आहे का" असंच विचारा, कारण सरावासाठी बसणाऱ्याला तिथे मॉडेल म्हणतात. सोबत दोन गोष्टी विचारून घ्या. त्या दिवशी शिकवणाऱ्या मॅम पूर्ण वेळ वर्गात असणार का? आणि दुसरी ट्यूब फोडावी लागली तर तिचे पैसे कोणाचे? काही ठिकाणी फक्त मालाचे पैसे घेतात, काही ठिकाणी ठरलेली रक्कम. लांब केसांना हा फरक चांगलाच जाणवतो.

पहिल्या फेरीत कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे रंगाचा छोटा ठिपका लावतात. पुढचे ४८ तास तिथे खाज, लाली, सूज येते का ते पाहायचं. कारण असतं पीपीडी, म्हणजे गडद रंगांतलं मुख्य रसायन. हातावर काढायच्या 'काळ्या मेंदी'तही ते अनेकदा मिसळलेलं असतं, म्हणून तिने कधी फोड आले असतील तर ते आधीच सांगा. अमोनिया नसलेला रंग सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं.

याच फेरीत केसांचा खरा इतिहास सांगायचा, आणि तो लपवला की पुढचं सगळं बिघडतं. मेंदी लावत असाल तर कोणती आणि शेवटची कधी, हे सांगा. शुद्ध मेंदीवर गडद रंग बसतो, फक्त लालसर झाक डोकावते. पाकिटातल्या काही मेंद्यांमध्ये मात्र धातूंचे क्षार असतात. त्यांना डेव्हलपरमधलं, म्हणजे रंगात कालवायच्या द्रवातलं, पेरॉक्साइड लागलं की केस गरम होतात आणि तुटतात. याची चाचणी सोपी आहे, ती मागून घ्या. २० व्हॉल्यूमचा (६ टक्के पेरॉक्साइडचा) ३० मिली डेव्हलपर, त्यात अमोनियाचे २० थेंब, त्यात तुमचे वीसेक केस अर्धा तास बुडवून ठेवायचे. द्रव तापला, उग्र वास आला किंवा केसांचा रंग विचित्र बदलला तर त्या केसांवर रंग लावायचाच नाही. रिबाँडिंग केलेलं असेल तर किमान दोन आठवडे थांबा, आणि अशा केसांना ब्लीच तर नकोच.

दुसऱ्या फेरीला केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत, त्याच दिवशी नाही. टाळूवरचं नैसर्गिक तेल आग होण्यापासून वाचवतं. खोबरेल मात्र चोपडून जाऊ नका. पुढून बटणं असलेला जुना शर्ट, जुना टॉवेल आणि जेवणाचा डबा सोबत ठेवा. कानातले घरीच काढा.

आता मिश्रण. शेडच्या आकड्यात बिंदूच्या आधीचा अंक गडदपणा सांगतो (१ काळा, १० सर्वांत फिकट) आणि नंतरचा झाक सांगतो. पांढरे केस अर्ध्याहून जास्त असतील तर निम्मा रंग नॅचरल शेडचा घ्यावा लागतो. नुसती तांबूस किंवा सोनेरी शेड पांढऱ्यावर पारदर्शक, भडक दिसते. डेव्हलपर २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के. लवकर व्हावं म्हणून कोणी ३० व्हॉल्यूम उचलला तर थांबवा. तो नैसर्गिक रंग जास्त उडवतो आणि पांढरे नीट झाकत नाही. रंग आणि डेव्हलपरचं प्रमाण कंपनीप्रमाणे १:१ किंवा १:१.५. फक्त मुळांना ३० ते ४० ग्रॅम रंग पुरतो, कमरेपर्यंतच्या केसांना १२० ग्रॅमच्या पुढे जातो. काट्यावर मोजायला सांगा, अंदाजाने ओतू देऊ नका. बाउल प्लास्टिकचाच हवा.

खरी अडचण वेगाची आहे. सरावलेला हात मुळांचा रंग वीस-पंचवीस मिनिटांत लावतो, विद्यार्थिनीला तासभर लागू शकतो. तोवर बाउलमधला रंग हवेने काळवंडतो आणि त्याचा जोर उतरतो. शेवटी लावलेला भाग कच्चा राहतो, पहिला जास्त गडद होतो. उपाय दोन आहेत. रंग एकदम न कालवता दोन वेळा, निम्मा-निम्मा कालवायचा. आणि दोघींनी डावी-उजवी बाजू वाटून घ्यायची. केसांचे चार भाग पाडून अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ बटा घ्यायच्या; जाड बटेत रंग आत पोचत नाही आणि मग पांढऱ्या रेघा दिसतात. पांढरे झाकायचे असतील तर सुरुवात कानशिलांपासून, कारण तिथले केस सर्वांत हट्टी. घड्याळ शेवटचा ब्रश फिरल्यावर लावायचं. तिथून ३० ते ४५ मिनिटं, पाकिटावर असेल तेवढी.

न रंगवलेल्या केसांना पहिल्यांदाच फिकट शेड करायची असेल तर क्रम उलटा. मुळाशी एक-दीड सेंटिमीटर सोडून आधी लांबीला, मुळांना शेवटी. टाळूच्या उष्णतेने मुळांचा रंग लवकर उघडतो, आणि हा नियम चुकला की डोक्यावर नारिंगी पट्टा दिसतो. आधीच रंगवलेल्या केसांवर मात्र रंगाने रंग उतरत नाही, तिथे ब्लीच लागतं. ब्लीचचे हायलाइट्स (फॉइलमध्ये गुंडाळून फिकट केलेल्या मोजक्या बटा) नवशिक्या बॅचकडून करून घेऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. दर पाच-दहा मिनिटांनी फॉइल उघडून पाहण्याची नजर सरावाने येते.

मॅमना तीनदा बोलवा : कालवण्याआधी शेड पाहायला, धुण्याआधी आणि वाळवल्यावर. धुण्याआधी कानशिलावरची एक बट ओल्या कापसाने पुसून उजेडात पाहायची. पांढरं दिसलं तर तिथेच पुन्हा रंग लावून थोडा वेळ थांबायचं. धुऊन झाल्यावर तेच काम दुप्पट होतं. धुताना आधी थोडं पाणी घालून फेसासारखं चोळलं की कपाळावरचे डाग बरेच निघतात. त्यासाठी सुरुवातीला कपाळाच्या कडेने व्हॅसलिन लावलेलं असावं.

पुढचे दोन-तीन दिवस शाम्पू नको. रंगपंचमी जवळ आली असेल आणि शनी चौकात किंवा तिवंध्याला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारायचा बेत असेल, तर ब्लीच रंगपंचमीनंतरच करा. ब्लीच केलेला केस सच्छिद्र होतो आणि रहाडीचा रंग शोषून घेतो.

निघण्याआधी तुमच्या कार्डावर शेडचे आकडे, ग्रॅम, डेव्हलपर आणि मिनिटं लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. महिना-दीड महिन्याने मुळं दिसू लागतील, तेव्हा समोर दुसरीच विद्यार्थिनी असेल.