धारूरचा घाट, भरलेली पिकअप आणि चिप की ट्यून: माझा अनुभव

माजलगावहून बार्शीच्या बाजारात माल न्यायचा म्हणजे तेलगाव मागं पडलं की धारूरचा घाट आलाच. रिकामी गाडी कुणीही चढवतं. सोयाबीनचे ५० किलोचे ३२ कट्टे भरले की मग गाडी किती पाण्यात आहे ते कळतं. माझी पिकअप बीएस-४, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन, टर्बो-इंटरकूलरवाली (टर्बो इंजिनात दाबानं हवा कोंबतो, इंटरकूलर ती हवा थंड करतो), पासिंग म्हणजे माल भरायची परवानगी १७०० किलोची. सेकंड हॅण्ड घेतली तेव्हा चांगली ओढायची. मागच्या दिवाळीच्या सीझनला मात्र घाटाच्या दुसऱ्याच वळणावर तिसरा गिअर सोडावा लागायला लागला. सेकंडवर कण्हत कण्हत वर, आणि मागं ट्रकांची रांग. धारूरचा रस्ता अरुंद. मागचा ड्रायव्हर हॉर्न दाबून बसला की वळणावर काळजाचं पाणी होतं.

दोन मिस्त्र्यांना दाखवली. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला. चेक लाइट, म्हणजे बिघाड सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा, नाही, धूर नाही. दोघांनीही सांगितलं, इंजिन ठणठणीत आहे, गाडीचं वय झालं. मग मामेभाऊ म्हणाला, "दादा, चिप टाक. माझ्या दोस्तानं टाकलीय, गाडी उडतीया नुसती."

चिप म्हणजे इंजिनची ताकद वाढवायला गाडीला जोडायची डबी. त्या नावाखाली बाजारात काय काय विकलं जातं, हे मला पहिल्याच खरेदीत कळलं. ७०० रुपयांची काडेपेटीएवढी डबी ऑनलाइन मागवली. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचं सॉकेट असतं, त्यात खोचायची आणि २०० किलोमीटर चालवायची, मग ती गाडीची सवय शिकते म्हणे. २०० काय, ६०० चालवली. काही नाही. शेवटी स्क्रू काढून बघितली. आत दोन-तीन लुकलुकणारे दिवे, ते लुकलुकवणारी एक बारकी आयसी, आणि सॉकेटच्या बहुतेक पिनांना तारच जोडलेली नव्हती. ज्या तारांवरून गाडीशी बोलायचं, त्याच नव्हत्या. असल्या डबीवर कुणीही पैसे घालू नयेत, एवढं मी इथंच सांगून टाकतो.

खरी चिप वेगळी. तिला दुकानदार ट्यूनिंग बॉक्स म्हणतात. छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानातून १४,५०० रुपये भरून, आवडली नाही तर आठ दिवसांत परत या बोलीवर ती आणली. तिचं काम नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या, अलीकडच्या पाइपात (हीच रेल) डिझेल हजार-दीड हजार बार दाबानं उभं असतं. ट्रकच्या टायरात हवा भरतो ती आठ बारच्या आसपास, यावरून अंदाज यावा. त्या पाइपावर एक सेन्सर असतो, तीन तारांचा. तो दाब मोजतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, कळवतो. बॉक्स या दोघांच्या मधे बसतो. खरा दाब १२०० असला तर तो ईसीएमला हजार-अकराशे सांगतो. ईसीएमला वाटतं दाब कमी पडला, तो पंपाकडून दाब वाढवून घेतो. इंजेक्टर उघडा राहायचा वेळ तोच, पण दाब जास्त, म्हणून डिझेल जास्त पडतं. डिझेल इंजिनात ताकद डिझेलच्या मापावर ठरते, तेव्हा ताकद खरंच वाढते.

सपाट रस्त्यावर मला ती जाणवली. तेलगावपर्यंत गाडी अशी पळाली की मी मनात पैसे देऊन मोकळा झालो होतो. घाटात शिरलो. तिसऱ्यावरच पहिली तीन वळणं काढली. मग आरशात बघितलं तर मागं काळा धूर, नुसता लोट. टेंपरेचरचा काटा रोजच्यापेक्षा दोन रेघा वर. आणि चढाच्या ऐन मध्यावर चेक लाइट पेटला, गाडीचा दम एकदम गेला. ॲक्सिलरेटर खाली दाबलेला, आणि गाडी सायकलच्या गतीनं. १६०० किलो माल, डाव्या हाताला दरी. क्लीनर खाली उडी मारून चाकाला दगड लावेपर्यंत माझे पाय थरथरत होते. बॉक्सचं कनेक्टर काढलं, मूळचं जोडलं, इंजिन पाच मिनिटं बंद ठेवून परत चालू केलं आणि कसाबसा धारूरला पोचलो. नंतर कळलं की रेलमधला दाब हद्दीबाहेर गेला की सेफ्टी वाल्व उघडतो, दाब पडतो आणि ईसीएम इंजिनला वाचवायला ताकद कापतो. त्यानं त्याचं काम केलं होतं.

यातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला उशिरा समजली. बॉक्स लावलेला असताना स्कॅनर लावला तरी खरा दाब दिसत नाही. ईसीएमला जे सांगितलंय तेच स्कॅनरवर येतं. म्हणजे आपण बघतोय तो आकडा खोटा, आणि मिस्त्रीही त्याच आकड्यावर विश्वास ठेवतो. दुकानदारानं बॉक्स परत घेतला, १,००० रुपये कापून.

मग दुसरा रस्ता, ट्यून. याला रीमॅप म्हणतात. यात मधे काही बसवत नाहीत. ईसीएममधली मूळ फाइल लॅपटॉपवर उतरवतात आणि त्यातले तक्ते बदलतात. किती आरपीएमला किती डिझेल, टर्बोचा किती दाब, टॉर्कची, म्हणजे ओढायच्या ताकदीची, हद्द कुठं, हवेच्या मानानं जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं (ही धुराची हद्द), सगळे तक्ते. मूळ फाइल जपून ठेवली तर परत जशीच्या तशी करता येते. अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअपवाले हेच काम हातात मावणाऱ्या ट्यूनरनं घरी करतात. मी रात्र-रात्र ते व्हिडिओ बघितले. पण तिथंही यानं फार बिघडलेलं आहे. २०२० मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं अंदाज दिला की मागच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर साफ करणारी यंत्रणा काढून टाकली गेली. आपल्याकडेही बीएस-६ गाड्यांचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून देणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नये. तो धूर आपल्याच गावातल्या लेकरांच्या छातीत जातो.

पुण्यातल्या एका ट्यूनरकडं गाडी नेली. भाव २५,००० रुपये. त्यानं फाइलला हात लावायच्या आधी लॅपटॉप जोडला, मागं रेतीची पोती टाकली आणि मला चढावर गाडी चालवायला लावली. परत आल्यावर स्क्रीनवर दोन रेघा दाखवल्या. एक, ईसीएमनं टर्बोकडं मागितलेला हवेचा दाब. दुसरी, प्रत्यक्ष मिळालेला. मागितला २.१ बार, मिळाला १.६. म्हणाला, "काका, आज मी तुमचे पैसे घेत नाही. हवा गळतीय कुठंतरी. आधी ती बघा, मग या."

त्या क्षणी घाटातला सगळा प्रकार उलगडला. हवा कमी पडतेय हे ईसीएमला कळत होतं, म्हणून तो इमानदारीनं डिझेल कमी सोडत होता. म्हणून धूर नव्हता, आणि म्हणूनच दोन्ही मिस्त्र्यांना इंजिन ठीक वाटलं. बॉक्सनं डिझेलचा दाब वाढवून ईसीएमनं ठरवलेल्या मापाच्या वर डिझेल ढकललं. हवा तेवढीच, डिझेल जास्त; ते अर्धवट जळून काळं बाहेर पडलं आणि उष्णता वाढली. सपाटीवर असा ताण दहा सेकंदच येतो. घाटात पंधरा-वीस मिनिटं इंजिन पूर्ण ताणावर असतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमचाच असतो. ऑइल त्याला खालून थंड ठेवतं म्हणून निभावतं. त्या दिवशी ईसीएमनं ताकद कापली नसती तर इंजिन उतरवायची वेळ आली असती, असं मला आजही वाटतं.

बीडला पंप-नोझलचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांना रेघांचा फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडं नीट बघितलंही नाही. "हवा पहले देख बेटा, तेल बाद में," म्हणाले आणि टर्बोच्या तोंडाला जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडली, एक बारच्या आसपास. मग सर्फचं पाणी घेऊन ब्रशनं एकेक जोड ओला करत गेले. इंटरकूलरच्या खालच्या रबरी होजवर, क्लिपच्या अगदी कडेला, फेस फुगायला लागला. होज वाकवून बघितला तर नखाएवढी चीर. तिच्याभोवती तेलकट धूळ चिकटलेली. गाडी उभी असली की ती चीर मिटलेली, टर्बोनं दाब दिला की उघडायची. नवा होज १,१५० रुपये, दोन क्लिपा आणि चाचांची मजुरी.

पुढच्याच खेपेला धारूरचा घाट तिसऱ्यावर चढलो. शेवटच्या दोन वळणांना सेकंड घ्यावा लागला, तेवढा तर घ्यावाच लागतो.

आता ट्यून करायचा की नाही हा प्रश्न उरला होता, आणि मला मनापासून करायचा होता. तो पुण्याचा ट्यूनर माणूस म्हणून आवडला होता. टॉर्क बेतानंच वाढवू, धुराची हद्द तशीच ठेवू, क्लच प्लेट मूळ टॉर्कसाठी आहे हे धरून खालच्या आरपीएमला जास्त देणार नाही, असं त्यानं फोनवर नीट समजावलं. चिप आणि ट्यून यांत निवडायचं तर माझं मत पक्कं आहे: ट्यून, तोही आधी मोजून बघणाऱ्याकडून.

पण माझी गाडी भाडं मारणारी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात लिहिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकानं करू नये. २०१९ च्या दुरुस्तीनं नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याच्या एजंटला विचारलं तर तो म्हणाला, लेखी कळवा. न कळवता केलं आणि अपघात झाला तर क्लेम अडेल. घरी बप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. ते शेंगा फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "अन् क्लेम अडला तर बँकेचा हप्ता कोण भरणार, तो लॅपटॉपवाला?"

मी नाही केला. मामेभावानं त्याच्या घरच्या एसयूव्हीला मात्र त्याच पुण्याच्या माणसाकडून करून घेतला. कायदा त्यालाही तोच आहे, ते त्याला सांगून झालंय. गाडी त्याची छान चालते. घरची चार माणसं घेऊन तो तुळजापूरला जातो, घाटात १६०० किलो घेऊन चढत नाही.

आता दर ऑइल बदलाला मी स्वतः बोनेटखाली हात घालून त्या होजवर बोटं फिरवतो. कोरडा लागला तर ठीक, तेलकट लागला तर आधी सर्फचं पाणी. सोमवारी बार्शीची खेप आहे, ३० कट्टे. उद्या संध्याकाळी बघून घेईन.