फेअर आइलचे दीपस्तंभ: चित्रं काढायला जाणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मधोमध फेअर आइल हे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे. त्याच्या दोन्ही टोकांना दीपस्तंभ आहेत, दोन्ही डेव्हिड आणि चार्ल्स स्टीव्हन्सन या भावांनी १८९२ मध्ये उभारलेले. मी जूनमध्ये स्केचबुक घेऊन गेले होते.

दक्षिणेचा मनोरा २६ मीटर उंच, उत्तरेचा फक्त १४. चित्र काढायला बसलं की कारण लगेच दिसतं. उत्तरेला दिव्याला लागणारी उंची कडाच देतो. दक्षिणेची जमीन मात्र समुद्राकडे उतरत जाते. त्यामुळे उत्तरेच्या चित्रात कडा घ्यायलाच हवा, नाहीतर मनोरा उगाच बुटका वाटतो. आणि पांढरा रंग जपून वापरा! ढगाळ दिवशी मनोरा आभाळापेक्षा गडद दिसतो.

दक्षिणेच्या आवारातल्या घरांना मी मनोऱ्याइतकाच वेळ दिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या हल्ल्यांत इथल्या रखवालदारांच्या कुटुंबातली माणसं गेली. तरी दिव्यावरचा पहारा ३१ मार्च १९९८ पर्यंत चालू राहिला. माणसांनी सांभाळलेला स्कॉटलंडमधला तो शेवटचा दीपस्तंभ. त्या भिंती चित्रातून वगळणं मला जमलं नसतं.

दिव्याचा झोत रंगवायचा असेल तर जून टाळा, रात्रभर आभाळ पुरतं काळं होतच नाही. सप्टेंबरमध्ये अंधार मिळेल, पण पफिन पक्षी तोवर निघून गेलेले असतात. मनोरा आतून पाहायचा असेल तर आधीच विचारून ठेवा, तो एरवी बंद असतो.

ईझल, म्हणजे चित्र टेकवायची तिवई, नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. छोटा बोर्ड, भक्कम चिमटे, पेन्सिली आणि मेणाचे खडू पुरतात. दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाहीत. टर्पेंटाइन विमानात चालत नाही. आडोशाला बसण्याआधी जवळ फुलमार पक्ष्याचं घरटं नाही ना, ते बघा. तो तेलकट पिचकारी मारतो आणि तो वास कपड्यांतून जाता जात नाही. उत्तरेच्या माळावर स्कुआ पक्षी डोक्यावर झेपावतात, तिथे काठी डोक्याच्या वर उभी धरून चाला.

शेटलंडहून बोट किंवा छोटं विमान मिळतं. धुकं आलं की विमान रद्द, समुद्र खवळला की बोट रद्द. परतीच्या पुढच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच.