पृथ्वी पाडण्याची नोटीस

आज दुपारी कोल्हापुरातील एका कार्यालयात साध्या दाखल्यासाठी ताटकळत बसलो असताना इंग्रज लेखक डग्लस ॲडम्स यांची १९७९ सालची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ही विनोदी विज्ञान कादंबरी पुन्हा वाचायला घेतली आणि शेजारचे आजोबा वळून पाहू लागतील इतके हसू आले. अंतराळातील नव्या मार्गाच्या आड येते म्हणून त्यात पृथ्वी पाडली जाते. आराखडे ५० वर्षे अल्फा सेंटॉरी या दूरच्या ताऱ्याकडील कार्यालयात पाहण्यासाठी ठेवले होते, मग हरकत का घेतली नाही, असा उलटा सवाल पृथ्वीवासीयांनाच केला जातो. रस्ता रुंदीकरणाची नोटीस आलेल्या कोणालाही ही कामकाजाची पद्धत तत्काळ ओळखू येईल. मला या प्रकारच्या विनोदाचे आकर्षण वाटते ते यासाठीच, की गोष्ट परग्रहावर घडत असल्यामुळे चिमटा आपल्यालाच बसला आहे हे कळेपर्यंत आपण हसून मोकळे झालेले असतो. ग्रहाएवढा मेंदू असूनही किरकोळ कामांना जुंपलेला, कायम खिन्न असलेला मार्विन हा यंत्रमानव तर मला सर्वांत जवळचा वाटतो. (आपल्याकडील अनेक पदवीधरांनाही वाटेल.) मूळ कथा १९७८ साली प्रसारित झालेल्या बीबीसी रेडिओच्या मालिकेसाठी लिहिलेली असल्याने तिच्यातील संवाद मोठ्याने वाचल्यावर अधिक खुलतात.