बाजार समितीतला समुद्रपक्षी

आमच्या दवाखान्यात समुद्रपक्षी येत नाहीत. नाशिकात माझ्या टेबलावर येतात ती कबुतरं, घारी, पोपट. उन्हाळ्यात चक्कर येऊन पडलेले शिक्रे. आणि संक्रांतीच्या आठवड्यात मांजाने पंख चिरलेले बगळे नि घुबडं. त्यामुळे आषाढ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याच्या लाल जाळीच्या गोणीत गुंडाळलेला पक्षी बाहेर काढला, तेव्हा हातात नेमकं काय आलंय हे कळायला मला थोडा वेळ लागला.

जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या आवारात हमाली करणाऱ्या पोराने तो आणला होता. रात्री हायमास्टच्या खांबाभोवती घिरट्या घालत होता, मग ओल्या काँक्रीटवर आपटला आणि तिथेच बसून राहिला. पोराने त्याला ट्रकच्या चाकाखालून उचलून गोणीत ठेवलं आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने नाशिक गाठलं. पक्ष्यांना वाचवणारी माणसं म्हणून ज्यांचे फोटो छापून येतात त्यांतल्या फार थोड्यांनी रात्रपाळी करून, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून असं काही केलं असेल.

पाठ राखाडी-तपकिरी, डोक्यावर काळी टोपी, पोट पांढरं, चोच काळी आणि सुईसारखी. कपाळावरची पांढरी पट्टी भुवईसारखी डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली. ओळख इथेच पटते. टर्न म्हणजे सुरय. त्यातल्या सूटी टर्नची पाठ गडद काळी असते आणि त्याची कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्यापाशी थांबते. ब्रायडल्ड टर्नची पुढे जाते. हा ब्रायडल्ड होता. नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयावर दिसणाऱ्या नदी सुरयाचाच भाऊबंद, पण खुल्या समुद्रावर जगणारा, गोड्या पाण्याशी देणंघेणं नसलेला.

वजन नव्वद ग्रॅमच्या आत. धडधाकट पक्षी सव्वाशेच्या आसपास भरतो. छातीचं मधलं हाड बोटाला धारेसारखं लागत होतं, म्हणजे स्नायू झडले होते, म्हणजे एका रात्रीची ही उपासमार नव्हती. पंखांची हाडं शाबूत. डोळे खोल गेलेले. पिसं मात्र चिखल आणि डिझेलने थापली गेली होती.

अशा पक्ष्याला आल्या आल्या खायला घालायचं नसतं, हे मला दर वेळी ओरडून सांगावं लागतं. थंड पडलेल्या शरीरात अन्न गेलं तर ते पचत नाही, तसंच राहतं आणि पक्षी त्यानेच मरतो. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली गरम पाण्याची पिशवी, वर मऊ टॉवेलची गुंडाळी करून कडं केलं, कारण हे पक्षी कडक फरशीवर बसून राहिले की छातीच्या हाडावर जखमा होतात. अंग तापल्यावर मांडीच्या घडीत कातडीखाली कोमट सलाईन. दुपारनंतर नळीने पातळ क्षार-पाणी थेट पोटात. मासा त्यानंतरच.

मासाही कुठला? गंगापूर धरणाचे मासे ताजे मिळतात, पण या पक्ष्याचं शरीर खाऱ्या समुद्राला बांधलेलं. डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात, त्या रक्तातलं जादा मीठ उपसून नाकपुड्यांतून थेंबाथेंबाने टाकतात. समुद्रपक्ष्याला बरेच दिवस बिनमिठाचं ठेवलं की या ग्रंथी आक्रसतात आणि सोडल्यावर समुद्र त्यालाच झेपत नाही. म्हणून मुंबईहून बर्फात येणारी मांदेली आणली, बोटभर लांबीची निवडून, मोजून मीठ लावून. बर्फातल्या माशात बी-वन जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून गोळीचा तुकडा माशाच्या कल्ल्यात सरकवला. ताटलीतला मेलेला मासा हा पक्षी ओळखतच नाही. चोच हलकेच उघडायची, माशाचं डोकं आधी आत, गळ्यावरून बोट फिरवायचं आणि गिळेपर्यंत श्वास रोखून थांबायचं. पहिले दोन त्याने झटकून माझ्या चष्म्यावर उडवले. तिसरा गिळला.

तोवर फोटो सगळीकडे पोहोचला होता. एका ग्रुपवर तो गरुडाचं पिल्लू झाला, दुसऱ्यावर सायबेरियाचा पाहुणा. दवाखान्याबाहेर कॅमेरेवाले उभे राहिले. त्यातल्या दोघांनी, एरवी अभ्यासू म्हणवणाऱ्यांनी, आग्रह धरला की उद्या सकाळीच नांदूरमध्यमेश्वरला नेऊन सोडू, तिथे पाणी आहे, मासे आहेत, उजेडही चांगला मिळेल. उजेड फोटोसाठी. त्या जागेला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला याचा मलाही अभिमान आहे, पण ओल्या पिसांचा समुद्रपक्षी गोड्या पाण्याच्या जलाशयावर सोडणं म्हणजे त्याला मारणं. मी वनखात्याला रीतसर कळवलं आणि दार लावून घेतलं.

मला खरं कोडं पडलं ते पक्षी उताणा धरून पोटावरचं डिझेल पुसताना. पोटावर पिसं झडून कातडी उघडी पडली होती, जाडसर, रक्तवाहिन्यांनी भरलेली. अंडं उबवणाऱ्या पक्ष्याची ही खूण. म्हणजे कुठल्या तरी बेटावर, एखाद्या कपारीत, याचं अंडं किंवा पिल्लू होतं. ब्रायडल्ड टर्न एकच अंडं घालते. नर-मादी आळीपाळीने बसतात. एक गेला की दुसऱ्याने उपाशी बसायचं किंवा अंडं उघडं टाकून मासे आणायला जायचं.

बाकावर लसीकरणासाठी कुत्रा घेऊन एक काका बसले होते. मूळचे मालवणकडचे, दीपगृह खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे सिडकोत राहायला आलेले. ते उठून आत आले, खोक्यात डोकावले आणि म्हणाले, "डॉक्टर, हो आमच्या रॉकावरचो."

रॉक म्हणजे वेंगुर्ला रॉक्स. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून आत समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. त्यातल्या एका बेटावर जुनं दीपगृह, दुसऱ्यावर नवं आणि तिसऱ्याचं नाव बर्न्ट आयलंड. मुंबई-गोवा जलमार्गावर हे खडक जहाजांचा काळ होते, म्हणून ब्रिटिशांनी तिथे दिवा लावला. १८७५ साली ए. ओ. ह्यूम, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच, लक्षद्वीपच्या सफरीत या खडकांकडे वळले आणि तिथल्या पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलं. ब्रायडल्ड टर्नच्या विणीची ही जुनी, नोंदलेली जागा. नाशिकपासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटर. हा पक्षी तिथलाच असं छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही, पायात अभ्यासकांनी घातलेलं ओळखीचं कडं नव्हतं. काकांना मात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशीही ते आले, कुत्र्याशिवाय. पक्ष्याला भरवत असताना ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. पावसाळ्यात होडी खडकाला लागत नाही, म्हणून मे महिन्यातच तांदूळ, पीठ, रॉकेल, पाणी सगळं वर चढवून ठेवायचं. उमेदीच्या काळात त्यांनी जे दिवे सांभाळले त्यांची भिंगं म्हणजे त्यांच्या दृष्टीने देवघर. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने काचेची कडी एकावर एक रचून भिंग घडवलं, १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ते पहिल्यांदा बसलं आणि तिथून जगभर गेलं. एवढं वजनदार भिंग पाऱ्याच्या कुंडावर तरंगतं, बोटाने ढकललं तरी फिरतं. साबराच्या कातड्याने रोज पुसायचं. आणि सूर्य उगवायच्या आत काचघराचे पडदे ओढायचे. हे मला ठाऊक नव्हतं. जे भिंग आतला दिवा मैलोन्मैल फेकतं, तेच बाहेरचं ऊन आत एका बिंदूवर आणतं आणि दिव्याच्या खोलीला आग लावू शकतं.

बर्न्ट आयलंडच्या गुहेतल्या पाकोळ्यांबद्दलही ते बोलले. या पाकोळ्या लाळेने घरटी कड्याला चिकटवतात आणि मिट्ट काळोखात टकटक आवाज काढून, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. ही घरटी सुपासाठी परदेशात विकली जातात. २००१ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथली चोरी उघडकीला आणली, तेव्हा कुठे लोकांना कळलं की महाराष्ट्राच्या समुद्रात असलं काही आहे. काका म्हणाले, संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की त्या डोक्यावरून घरट्याकडे जायच्या, मोजता येणार नाहीत इतक्या.

मग मी विचारलं, दिव्यावर पक्षी यायचे का?

त्यांचा आवाज बदलला. "चांदणा असला काय एक पाखरू येवचा नाय," ते म्हणाले. "काळोखी रात, वर ढग, रिपरिप पाऊस... मग आमची झोप उडाली." लावे, पाणकोंबड्या, नावं माहीत नसलेली कितीतरी. काचेवर थडाथड आपटायची. काही आपटायचीही नाहीत, उजेडाच्या कक्षेत गोल गोल फिरत राहायची आणि दमून खाली पडायची. सकाळी गॅलरी झाडायचं काम असायचं. फिरत्या दिव्याच्या ठिकाणी कमी, स्थिर उजेड असेल तिथे जास्त, हे त्यांनी नोकरीत पाहून पाहून ठरवलं होतं. रजिस्टरमध्ये पक्ष्यांसाठी रकाना नव्हता.

मी वाचलेलं त्याच्याशी जुळत होतं. कॅनडात इरी सरोवरावर लाँग पॉईंट नावाचं दीपगृह आहे. तिथे कित्येक वर्षं मेलेल्या पक्ष्यांची मोजदाद होत असे. १९८९ मध्ये तिथला दिवा बदलून अरुंद झोताचा, कमी ताकदीचा केला आणि पक्ष्यांचे मृत्यू एकदम घसरले. चंद्रतारे झाकलेल्या रात्री पक्ष्याला दिशा धरायला उजेडच उरतो आणि तो त्यातून बाहेर पडू शकत नाही.

पक्षी पडला त्या रात्री अमावस्या होती. आमच्या घरी दिवे घासून पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे उकडले होते. बाहेर ढग इतके खाली की पांडवलेणीचा डोंगर दिसत नव्हता. अरबी समुद्रावरच्या कमी दाबाच्या वाऱ्याने तो पक्षी घाट ओलांडून आत आणला हे खरंच, पण वाऱ्याने त्याला काँक्रीटवर पाडलं नाही. पाडलं त्या खांबाने.

मी एका रात्री त्या आवारात जाऊन आलो. उंच खांबावर कड्याने बसवलेले पांढरे एलईडी, तोंडं बाजूला आणि थोडी वर. निम्मा उजेड शेडच्या पत्र्यांवर, निम्मा ढगांच्या पोटावर, आणि खाली ओलं काँक्रीट आरशासारखं चमकत होतं. हमालाने दाखवलेल्या कोपऱ्यात एक मेलेली पाणकोंबडी होती. तो म्हणाला, पावसाळ्यात सापडतात अशा, कुत्री उचलून नेतात.

तिथल्या जबाबदार माणसाला भेटलो. त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. रात्रभर ट्रॅक्टर लागतात, कांदा चोरीला जातो, अंधारात हमालाचा पाय घसरून पाठ मोडते. उजेड हवाच. माझं म्हणणं इतकंच होतं की तो जमिनीवर पाडा. दिव्यांची तोंडं खाली वळवा, वरून टोप्या घाला. वीजही वाया जाणार नाही. तो म्हणाला, ठेकेदाराने बसवलंय तसं आहे, बिल मंजूर झालंय, आता हात लावायचा तर ठराव लागेल. या एका शब्दापाशी आपल्याकडची किती कामं अडून पडतात.

पक्षी सावरला. पिसं धुतल्यावर तो दिवसभर चोचीने ती विंचरायचा आणि मिठाच्या पाण्याच्या टबात ठेवल्यावर पाण्याचे मणी पाठीवरून घरंगळताना दिसले, तेव्हा मी निघायचं ठरवलं. वनरक्षक बरोबर होता, तरुण मुलगा, वाटेत दर थांब्यावर स्वतः खोक्याची भोकं तपासत होता. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत पालघरचा किनारा. पाऊस थांबल्यावर खोकं वाऱ्याच्या दिशेने उघडलं. तो आधी वाळूवर बसला, मग पंख उघडले आणि लाटांच्या अगदी वरून सरळ आत निघून गेला. काकांना फोन लावला तर त्यांनी पहिलं विचारलं, वारा कुठला होता.

अंड्याचं काय झालं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. पक्षी वाचला, नोंदीत ही केस यशस्वी म्हणून लागली, पण इतके दिवस एकट्या जोडीदाराने पावसात अंडं राखलं असेल असं मला वाटत नाही.

आवारातल्या त्या हमालाने वायरमनला चहा पाजून कोपऱ्याच्या खांबावरच्या दोन दिव्यांची तोंडं खाली करून घेतली आहेत. बाकीच्यांसाठी मी अर्ज दिला आहे. सोबत काकांनी स्वतःच्या अक्षरात एक पान जोडलंय. त्यात दिवा कोणत्या कोनात ठेवला की खाली उजेड पुरतो आणि वर जात नाही, हे आकृती काढून दाखवलं आहे.