टायर धुण्यात गेलेला रविवार

काल होटगी रोडच्या पुढं एका मोकळ्या प्लॉटवर गाडी पळवली. गाडी म्हणजे रिमोटवाली, १/१० मापाची बग्गी. आदल्या रात्री पाऊस झालेला, आणि आपली सोलापूरची काळी माती! पाच मिनिटांत टायरच्या खाचा बुजल्या, चाकांचे नुसते गोळे झाले. ग्रिप शून्य. वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच.

रात्री कंटाळा केला, तो नडला. सकाळपर्यंत चिखलाचा दगड झाला होता. बाथरूममध्ये बसून चाकं काढली, त्यात एक नट जाळीतून खाली गेला. मग कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना टूथब्रश. एकेक खाच कोरत बसायचं.

मागं एकदा अख्खी चाकं बादलीत बुडवली होती. रिमला हवेसाठी बारीक भोकं असतात, तिथून पाणी आतल्या फोममध्ये शिरलं. चाक जड झालं, गाडी पळताना थडथडायला लागली. म्हणून यावेळी आधी भोकांवर टेप. मित्र म्हणाला, "थिनर मार की बे, दोन मिनिटांत चकाचक!" नको. थिनरनं रबर खराब होतं, टायर रिमला चिकटवलेला असतो तोही सुटू शकतो.

पुसायला हाताला येईल तो टॉवेल घेतला. तो नेमका नवाकोरा निघाला.

आई म्हणाली, "अंग पुसायला फाटका पंचा, अन् खेळण्याला नवा टॉवेल होय रे?"

चाकं आता गच्चीत सावलीला वाळतायत. शेजारी टॉवेल. नट अजून जाळीतच आहे.