यांच्या चिडचिडीचा रिपोर्ट

गुरुवार, रात्र

दुसऱ्या वेळचा रिपोर्टही आज आला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २४१. मागच्या वेळी २५५ होतं. डॉक्टरांच्या मते साधारण तीनशेच्या खाली, तेही सकाळी, दोनदा तपासून, आणि सोबत लक्षणं असतील तरच 'कमी' म्हणायचं. मध्यंतरी कुठल्याशा सवलतीच्या पॅकेजात संध्याकाळी रक्त देऊन एक आकडा आणला होता, तो कागद त्यांनी बघून न बघितल्यासारखा केला. हे हार्मोन पहाटे-सकाळी चढलेलं असतं, दिवस कलला की उतरतं, पोटात अन्न गेलं तरी उतरतं. म्हणून उपाशीपोटी, दहाच्या आत. यांनी दोन्ही वेळा दंडावरचा कापूस सुटायच्या आत सेव-उसळीची गाडी गाठली. डायबिटीस आहे ना, विचारलं तर म्हणे वाटाणा म्हणजे प्रोटीन!

मला सुगावा लागला तो गणपतीत. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळाची वर्गणी यांच्याशिवाय कधी निघाली नाही. यंदा पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली, तर यांनी पैसे पुढे केले, 'तुम्हीच बघा काय ते' म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. दूधवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडण. पेपरचं एकच पान तास तास डोळ्यांपुढे. रात्रपाळी नसली तरी संध्याकाळी गळून गेलेले. लेकीला वाटायचं रिटायरमेंट जवळ आल्याचं टेन्शन. बाई रडली की घर जमा होतं, पुरुष खेकसला की घर पांगतं. खेकसणारा माणूस उदासही असू शकतो, हे कोणाच्या डोक्यात येणार?

आणि हे स्वतःहून थोडेच बोलणार. मामंजी इथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात लाठी शिकलेले, तिथल्या प्रोफेसर माणिकरावांचं नाव निघालं की ताठ होऊन बसायचे. त्या घरात वाढलेला माणूस 'थकवा येतो' इथवर येतो, त्याच्यापुढे नाही. डॉक्टरांनी सरळच विचारलं, सकाळी जाग येताना पूर्वीसारखं होतं का, इच्छा होते का. हे पंख्याकडे बघत राहिले, मी भिंतीवरच्या औषधाच्या कॅलेंडरकडे. मग मीच म्हटलं, नाही. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, 'चिंता ना करशो, बेन,' आणि टेप काढून यांचं पोट मोजलं. मला वाटलं होतं काहीतरी भारी तपासणी करतील. शिंप्यासारखी टेप!

पण मुद्दा तिथेच होता. पोटाच्या चरबीत एक एन्झाइम असतं, अ‍ॅरोमॅटेज; ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) करून टाकतं. चरबी वाढली की हार्मोन घटतं, हार्मोन घटलं की स्नायू झिजून आणखी चरबी चढते. शिवाय लठ्ठपणात आणि टाइप २ डायबिटीसमध्ये मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूमच ढिला पडतो. यांचा एलएच (हाच तो मेंदूकडून येणारा हुकूम) वाढलेला नाही, म्हणजे वृषणं संपावर गेली नाहीत, वरून आदेशच नीट येत नाहीत. (विज्ञान शिकवलेलं कधीतरी असं घरात उपयोगी पडतं.) प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन थोडं कमी, तेही यातलंच असू शकतं. हाडंही ठिसूळ होतात म्हणे. आणि घोरणं. झोपेत श्वास अडकतोय का, ते बघायला रात्री बोटाला यंत्र लावायचं आहे. शिकागोत धडधाकट तरुण मुलांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसातलं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं होतं. २०११ साली छापून आलंय. यांची तर अर्धी नोकरी रात्रपाळीत गेली.

माझी पाळी गेली तेव्हा दोन-तीन वर्षांत सगळा हिशोब बंद झाला. पुरुषांचं तसं नाही. तिशीनंतर दरवर्षी साधारण एक टक्का, कळतही नाही. आणि बहुतेकांचं शेवटपर्यंत पुरतं. युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, २०१० मध्ये निष्कर्ष आले. लक्षणं आणि आकडा दोन्ही जुळणारे शंभरात जेमतेम दोन. भिंतीभिंतींवर 'मर्दानी ताकद' रंगवणाऱ्यांना हे कोण सांगणार. त्यांना प्रत्येक थकलेला पुरुष गिऱ्हाईकच.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आत्ता नाही. आधी साखर, वजन, झोप, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. मला पटलं, यांना नाही. यांना एका सुईत जुने दिवस हवेत. २०१६ मध्ये अमेरिकेत पासष्टीपुढच्या ७९० पुरुषांवर हे हार्मोन देऊन प्रयोग झाला. इच्छा वाढली, मन किंचित हलकं झालं, थकव्यात मात्र म्हणावा तसा फरक नाही. २०२३ मध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांवर झाला, त्यात हार्ट अटॅक वाढले नाहीत, पण हृदयाचे ठोके बिघडणं आणि फुप्फुसात रक्ताची गाठ अडकणं थोडं जास्त दिसलं. शिवाय रक्त घट्ट होतं, प्रोस्टेटवर लक्ष ठेवावं लागतं. ज्याला खरंच गरज आहे त्यानं जरूर घ्यावं. पण उदासीचं खापर एकट्या हार्मोनवर फोडू नये, म्हणून डॉक्टरांनी डिप्रेशनची प्रश्नावलीही भरून घेतली. त्यातल्या 'कशातच रस वाटत नाही' ला यांनी 'रोज' वर खूण केली. ती मी पाहिली. गाडीत मी काही विचारलं नाही, कोपऱ्यावर थांबून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि दोघांनी मिळून संपवल्या.

आता प्रश्न भाच्याचा. लग्नाला वर्ष होत नाही तोच जिममधल्या कोणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन टोचून घेतोय, दंड दाखवत फिरतो. वन्संना नातवाची घाई. बाहेरून मिळालं की मेंदूला वाटतं पुरेसं आहे, एलएच-एफएसएच हे दोन्ही हुकूम बंद, आणि शुक्राणू बनणंच थांबतं. सोडल्यावर परत यायला महिने लागतात, कधी वर्षही. हे वन्संशी मी कसं बोलू? यांना म्हटलं, तुम्ही मामा आहात, तुम्हीच बोला.

'मी?' म्हणाले. 'मी काय तोंडानं बोलू?'

म्हटलं, रिपोर्ट घेऊन जा.